डॉक्टरांचा नळ

“नळ सोड गं बाळ.”

डॉक्टर असं म्हणाले, की मी उठून आतल्या खोलीतला नळ पूर्ण उघडायचे. नळाखाली पत्र्याची बादली असायची. तिच्या तळावर पाण्याची धार आदळली, की खोलीत दुसरं काही ऐकू यायचं नाही. मग मी बाहेर यायचे, मधला पडदा ओढायचे आणि बाकावरच्या लोकांसमोर येऊन बसायचे. आत डॉक्टर पेशंटच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचे. बाहेर आम्हाला फक्त पाणी ऐकू यायचं.

असे दवाखाने तुम्हीही पाहिले असतील. पुढे लाकडी बाक, भिंतीवर औषधवाल्यांनी दिलेलं कॅलेंडर, मध्ये हिरवा पडदा. भोरच्या बाजारपेठेतल्या आमच्या दवाखान्याला मागून आणखी एक दार होतं, बोळात उघडणारं. त्याच्यावर पाटी नव्हती. पण वेल्ह्यापासून सारोळ्याच्या पुलापर्यंतच्या पुरुषांना ते दार माहीत होतं. अवघड जागेचं दुखणं असलं, की माणूस बोळातून यायचा, कडी वाजवायचा आणि मी दार उघडेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिथे कामाला लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्ग सुटल्यापासून संध्याकाळच्या एसटीपर्यंत कुठेतरी बसायला जागा हवी होती, आणि डॉक्टरांना नंबर पुकारायला व गोळ्यांच्या पुड्या बांधायला माणूस हवं होतं. घरी मी ‘तापाचा दवाखाना’ एवढंच सांगितलं. आता हे सगळं लिहावं की नाही, याबद्दलही माझं मन पक्कं नाही. डॉक्टर असते तर नको म्हणाले असते. म्हणून मी माणसांच्या खुणा बदलल्या आहेत. तरीही कुणी ओळखू आलं, तर कृपा करून ओळख दाखवू नका.

नळाची युक्ती डॉक्टरांना दवाखाना उघडल्यानंतर काही वर्षांनी सुचली. सुरुवातीला ते फक्त मागच्या दाराच्या पेशंटसाठी नळ सोडायचे. झालं असं, की बाकावरच्या लोकांनी ते ओळखलं. म्हाताऱ्या एकमेकींना कोपर मारायच्या, “सुटला गं नळ!” आणि मग बोळातून बाहेर पडणाऱ्या माणसाला बघायला पुढची दोन पोरं धावायची. लपवायला म्हणून सोडलेलं पाणीच बोंब मारायला लागलं. तेव्हापासून डॉक्टर सगळ्यांसाठी नळ सोडू लागले. सर्दी असो, पाय मुरगळलेला असो, तान्ह्या मुलाचा ताप असो. भाटघरची एक आजी एकदा पडद्याआडून ओरडली होती, “डाक्टर, आधी ते पाणी बंद करा वो! मला नुसतं ऐकूनच मुतायला लागतंय!” अख्खा बाक हसला. डॉक्टरही हसले. नळ मात्र चालू राहिला.

बादलीतलं पाणी दर पेशंटनंतर मी मागच्या दाराशी ओतायचे. तिथे कर्दळ होती. आमच्या बोळात दुसरं काही उगवत नव्हतं, पण ती कर्दळ माणसाच्या खांद्याला लागायची. लालभडक फुलं यायची. डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणायचे, “हिला भोर तालुक्याचं सगळं माहीत आहे. पण बोलत नाही बघ.”

त्यांचं दुसरं वाक्य होतं, “घरात कळायचं कारण नाही.”

हे वाक्य ऐकून माणसं किती हलकी व्हायची, ते मी पडद्याच्या फटीतून पाहिलं आहे. चाळिशीचा धिप्पाड माणूस, दंडावर बैलाचं गोंदण, आणि हे वाक्य ऐकून त्याचे डोळे भरायचे. डॉक्टर रागावायचे नाहीत. कुठे गेला होतास, कुणाकडे गेला होतास, असं कधी विचारायचे नाहीत. तपासायचे, रक्त काढून सरकारी दवाखान्यात पाठवायचे, इंजेक्शन द्यायचे, पुन्हा कधी यायचं ते सांगायचे.

एकदा मला त्यांनी त्या आजाराबद्दल सांगितलं. मी संकोचले होते, पण ते भूगोल शिकवावा तसं सांगत होते. “आधी एक जखम होते. ती दुखत नाही. न दुखणारी जखम माणूस कुणाला दाखवत नाही. जुनी माणसं गरमी म्हणायची आणि ताक पीत बसायची. मग जखम आपोआप भरते. माणूस देवाला नारळ फोडतो. पुढे कधीतरी तळहातावर, तळपायावर डाग येतात. तेही जातात. आजार जात नाही, बाळ. आत गप्प बसतो. बायकोपर्यंत जातो. तिच्या पोटात मूल असेल तर त्याच्यापर्यंत जातो.”

“मग उपाय?”

“साधा आहे. पेनिसिलीन. वेळेत आलं तर बरं होतं. पण दोघांना द्यावं लागतं. एकाला देऊन उपयोग नाही.”

आणि इथेच डॉक्टरांची एक पद्धत होती. बायकोला दवाखान्यात आणायला पुरुष तयार नसायचे. मग डॉक्टर नवऱ्याला विचारायचे, तिला दिवस गेलेत का? नाही म्हणाला, की तिच्यासाठी पोटातून घ्यायच्या गोळ्या द्यायचे. पाकीट फाडून, पांढऱ्या कागदाच्या पुड्यांत बांधून. त्या पुड्या मी बांधायचे. “घरी सांग, ताकदीच्या गोळ्या आहेत. सकाळ-संध्याकाळ, संपेपर्यंत. घरात कळायचं कारण नाही.”

मी एकदा भीतभीत विचारलं, “पण डॉक्टर, जिचं औषध तिलाच न सांगता?”

तेव्हा दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. तरीही डॉक्टर उठले आणि त्यांनी स्वतः नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ते म्हणाले, “मी नवा होतो तेव्हा एका घरी जाऊन सांगितलं होतं. नवरा-बायको दोघांना औषध घ्यावं लागेल म्हणून. सासरच्यांनी ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पोचवली. हिनंच आणलं म्हणाले. ती परत नांदायला आली नाही. माहेरीही फार दिवस राहिली नाही.”

“कुठे गेली?”

डॉक्टरांनी नळाकडे पाहिलं. त्या पाण्याचा आवाज त्या दिवशी मला पहिल्यांदा आवडला नाही.

आमच्या वाडीपासून जवळच, धरणाच्या पाण्याकडेला एक घर आहे. तिथला थोरला मुलगा टेम्पो चालवायचा. वरव्याच्या बाजूच्या कारखान्यांतला माल घेऊन हायवेने लांब लांब जायचा. तो एका दुपारी मागच्या दाराने आला. मला पाहून दचकला, कारण मी ओळखीची. मी नजर खाली घातली आणि नळ सोडला. पडद्यातून मला एवढंच दिसलं, की तो दोन्ही तळहात उघडून डॉक्टरांसमोर धरून उभा आहे. मागायला आल्यासारखा.

त्याला इंजेक्शन मिळालं. बायकोसाठी पुड्या मिळाल्या. जाताना तो मला हळूच म्हणाला, “ताई, वाडीत...”

“नाही,” मी म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी त्याच्या बायकोला दिवस गेले. उपकेंद्रात नाव घातलं, पण भोरला येऊन रक्त तपासायचं आज-उद्या करत राहून गेलं. सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. वाडीत सगळे म्हणाले, पाण्यावर उन्हाची गेली होती, पाण्यातल्या आसरांचं लागलं. सासूने पाण्याकाठी हिरवी चोळी आणि नारळ ठेवला. चोळी बरेच दिवस त्या दगडावर होती. वाऱ्याने एक बाही पाण्यात पडायची आणि पुन्हा वर यायची. कॉलेजला जाताना मी ती बघायचे.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी टेम्पोवाल्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं. “तिनं गोळ्या घेतल्या होत्या ना?”

“व्हय की. संपल्या बी,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली. मूल जायला कारणं पुष्कळ असतात, असं काहीतरी पुटपुटले. पण त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा विचारलं, “पुड्या नीट बांधल्या होत्यास ना गं? सगळ्या दिल्या होत्या?” मी हो म्हणाले. सगळ्या दिल्या होत्या, आणि सगळ्या संपल्याही होत्या. हे खरंच होतं.

वर्ष गेलं. एका सकाळी एसटीत टेम्पोवाल्याची बायको माझ्याशेजारी येऊन बसली. तिने पदर पोटावरून ओढून घेतला होता. माझ्या कानात म्हणाली, “पाचवा लागलाय. कुणाला बोलू नगंस. औंदा ऱ्हाईल बघ. सासूबाईंनी आसरांना पुन्यांदा चोळी बोललीया.” ती हसली. तिच्या हातात पेरू होता, त्याचा अर्धा भाग तोडून तिने मला दिला. मला आनंद झाला होता. तिने औषध घेतलं आहे, असंच मी समजत होते.

त्याच महिन्यात तिचा धाकटा दीर दवाखान्यात आला. पुढच्या दाराने, छाती पुढे काढून. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. रोज पहाटे धरणाच्या रस्त्याने पळायचा. अंगात पट्ट्यांची पँट, पायात नवे बूट. त्याला कशाचीच लाज नव्हती, म्हणून तो पडद्याबाहेरूनच ओरडून बोलला.

“डॉक्टर, त्या ताकदीच्या गोळ्या द्या की अजून! भरतीचं मैदान जवळ आलंय.”

डॉक्टर आतून म्हणाले, “कुठल्या ताकदीच्या?”

“दादानं वैनीसाठी आणल्या हुत्या बघा, पांढऱ्या पुडीतल्या. आई म्हणली, हिला काय करायचीया ताकद, चुलीम्होरं तर बसती. पळायचं तुला हाय. मग म्याच खाल्ल्या समद्या. तोंडाची चव गेली, पण काय सांगू, आसा पळत हुतो!”

बाकावरचे लोक हसले. पडदा हलला नाही. आत नळ चालू होता, बादली भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं होतं, आणि डॉक्टर ते बंद करायला उठत नव्हते. पाणी पडद्याखालून बाहेर आलं, तेव्हा मी आत गेले.

डॉक्टर खुर्चीत बसून होते. मला म्हणाले, “ती आत्ता कशी आहे?”

मी म्हणाले, “पाचवा लागलाय.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मग बाहेर येऊन त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देतो गोळ्या. पण उद्या आईला, दादाला आणि वहिनीला घेऊन ये. चौघं आलात तरच देईन.”

दुसऱ्या दिवशी चौघंही आले. दीर सगळ्यात पुढे. सासूबाई नवीन लुगडं नेसून, जणू कुणाच्या घरी पोरगी बघायला निघाल्यात. टेम्पोवाला शेवटी. त्याने मला पाहिलं आणि मला वाटतं, तेव्हाच त्याला कळलं. तळहात खिशात घालून तो भिंतीला टेकला.

ती सगळी आत गेली. मी सवयीने नळाकडे वळले.

“आज नळ नको,” डॉक्टर म्हणाले. “तू इथेच थांब. तिच्याजवळ.”

दवाखाना एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं, तेही आत ऐकू आलं. म्हणजे आतलं बाहेर जाणार होतं.

डॉक्टरांनी सगळं साध्या शब्दांत सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तो कसा लागतो ते सांगितलं. आज हिचं रक्त काढायचं, आजच इंजेक्शन सुरू करायचं, नवऱ्यालाही पुन्हा द्यायचं. “अजून वेळ आहे. उशीर केला तर हे मूलही हातचं जाईल.”

सासूबाई तिच्याकडे वळल्या. “माहेराला गेलतीस दिवाळीला. तिकडनंच आणलं आसशील. उचल पिशवी. आत्ताच्या गाडीनं तुला पोचवती.”

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “आधी त्याला झालं. तळहातावरचे डाग घेऊन तो माझ्याकडे आला होता. त्यालाच विचारा.”

टेम्पोवाल्याने मान खाली घातली. खिशातले हात तसेच. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. सासूबाई पिशवी उचलून दाराकडे निघाल्याही. डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला. ती जुनी बाई, जिच्याबद्दल त्यांनी पाण्याच्या आवाजात सांगितलं होतं, त्यांना पुन्हा दिसत असावी.

तेवढ्यात टेम्पोवाल्याची बायको बोलली. एवढा वेळ ती माझा हात धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, सासूकडेही नाही. डॉक्टरांना विचारलं, “मागलं लेकरू ह्यानंच गेलं व्हय?”

डॉक्टर भोरच्या पेठेतले, नेहमी शुद्ध बोलणारे. पण त्या वेळी ते म्हणाले, “व्हय.”

“तुमाला ठावं हुतं?”

“मला वाटलं, तुम्ही गोळ्या घेतल्यात.”

“कसल्या गोळ्या?”

दिराने आईकडे पाहिलं. त्याची छाती आता पुढे नव्हती. त्याने हळूच विचारलं, “म्हंजी मलाबी काय...?”

“तुला काही होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तू पळ.”

आणि मग, भिंतीला टेकलेला टेम्पोवाला खाली बसला. खिशातून हात काढून त्याने तोंडावर घेतले आणि म्हणाला, “आये, पिशवी ठिव. माज्याकडनं झालंय.”

मला वाटतं, त्या वाक्याने ती वाचली. औषधाने तर वाचलीच. पण औषध घ्यायला ती त्या घरात राहायला हवी होती.

सोसतं का म्हणून तिला आधी थोडं औषध टोचून पाहिलं, मग इंजेक्शन दिलं. पुढची इंजेक्शनं घ्यायलाही ती आली, नवऱ्याबरोबर. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसायची. पावसाळा संपताना तिला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. लहानखुरी, पण रडणारी. तिचंही रक्त तपासलं. आता ती पाण्याकाठच्या अंगणात रांगते. दगडावरची चोळी वाहून गेली आहे.

हे इथेच संपवता आलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

पण त्या दिवशी बाकावर माणसं होती. “डॉक्टर नळ सोडत न्हाई आता,” ही बातमी एसटीच्या आधी वाड्यांवर पोचली. मागच्या दाराची कडी वाजायची थांबली. आठवड्यात एखादी, मग तीही नाही. डॉक्टर रोज त्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. ताप-खोकल्याच्या पेशंटसाठी नळ पुन्हा सोडून पाहिला, पण त्या आवाजावरचा लोकांचा भरवसा परत आला नाही. बोळाच्या तोंडाशी मोटारसायकल थांबायची, थोडा वेळ इंजिन चालू राहायचं आणि निघून जायची.

“आजार कमी झाला असेल, डॉक्टर,” मी एकदा म्हणाले.

“गप्प बसलाय,” डॉक्टर म्हणाले.

मग मी विचारलं, सांगितल्याचा पस्तावा होतो का? त्यांनी दाराच्या कडीकडे पाहिलं. “तिला सांगितल्याचा पस्तावा नाही. पण हे सगळे आता कुठे जात असतील गं? आणि आधी मी ज्या पुड्या दिल्या, त्या कुणी कुणी खाल्ल्या असतील?”

हे ते मला विचारत नव्हते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांच्या मुलीने पुण्याहून येऊन दवाखान्याला कुलूप लावलं. पाणी नसल्यामुळे कर्दळ वाळली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं मनात आहे. जमेल का, माहीत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी मी त्या बोळातून चालले होते. मागच्या दाराशी एक तरुण उभा होता, भिंतीकडे तोंड करून, जणू कडी वाजवून झाली आहे आणि आता दार उघडेल. दाराला कुलूप आहे, हे त्याला दिसत होतं. तरी उभा होता. मुठी घट्ट आवळलेल्या.

“डॉक्टर गेले,” मी म्हणाले. “सरकारी दवाखान्यात जा. तिथे तपासतात, इंजेक्शन मिळतं. आणि दोघं जा.”

मी त्याची वाट अडवल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

“कोण दोघं?” तो म्हणाला आणि चालू लागला.

बोळाच्या तोंडाशी त्याची मोटारसायकल होती. तिला टेकून एक बाई उभी होती, कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी. त्याला पाहून तिने विचारलं, “मिळाल्या का वो गोळ्या?”

“बंद हाय. मेडिकलमधनं घिऊ. ताकदीच्या.”

ती मागे बसली. मुलाला तिने दोघांच्या मध्ये घेतलं. त्याने किक मारली. बोळात इंजिनाचा इतका आवाज झाला, की मला दुसरं काही ऐकू येईना.

मी पळत सुटले. “वैनी!” मी ओरडले. “वैनी, थांबा!”

तिने मागे वळून पाहिलं.